बोलकी यंत्रे आणि मुकी काच



या गावात व्याख्यानाला उभे राहताना कोणत्याही कामगार कार्यकर्त्याला थोडा संकोच वाटावा हे साहजिक आहे. बाबू गेनू सैद तुमच्या महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणीत राबणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर विदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली गेला. अशा गावी येऊन आम्ही फोन, रेडिओ आणि कानात घालायची यंत्रे यांवर बोलणार, हे ऐकून चालकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांला तोंडावरच विचारले, "साहेब, तुम्ही कामगारांविषयी बोलाल असे वाटले होते." आम्ही त्यांना म्हणालो, कामगारांविषयीच बोलणार आहोत, फक्त तो कामगार आता कारखान्यात नाही, घरी बसला आहे, आणि त्याला दिसत नाही.

आमचे शिक्षण तुम्हांला सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अपेक्षाभंग नको. आम्ही नववीत शाळा सोडली. वडील मुंबईच्या गिरणीत होते; १९८२ चा संप झाला आणि चाळीतले घर गुंडाळून आम्ही गावी आलो. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, व्यवस्थापनाच्या बोलावण्याची वाट पाहत, आणि एस.टी.च्या मागच्या बाकावर. तेव्हा विज्ञानातली एखादी गोष्ट कामगाराच्या भाषेत आली तर पदवीधरांनी सांभाळून घ्यावे.

हकीकत अशी. आमचे एक सोबती एका कारखान्यात तेल काढण्याच्या विभागात होते. यंत्राचे सुटे भाग तेथे कॉस्टिकच्या टाकीत धुतात. २०१८ साली टाकी साफ करताना कॉस्टिक उडाले आणि दोन्ही डोळे गेले. बुबुळे तर गेलीच. पापण्याही चिकटल्या आणि धड उघडमीट होईनाशी झाली. त्या पापण्या ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

नुकसानभरपाईच्या कामात आम्ही कच्चे नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याची पहिली अनुसूची आम्हांला तोंडपाठ आहे. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर शेकडा ४०. त्याच डोळ्याची नजर गेली पण बुबुळ विद्रूप झाले नाही तर शेकडा ३०. आणि डोळ्यांनी करायचे कोणतेच काम करता येऊ नये इतकी दृष्टी गेली तर शेकडा १००. माणसाच्या अवयवांचा असा बाजारभाव ठरलेला असतो, आणि युनियनवाला त्या बाजारातला मुरलेला दलाल असतो. आम्ही भांडलो, कागद मिळवले, पैसे मिळवून दिले, पेन्शन सुरू करून दिली. आणि वर, सोबत्यांनी वर्गणी काढून, हारतुरे घालून, त्यांना एक उत्तम फोन भेट दिला. मोठा, चकचकीत, पुढून सगळी काच. फोटो काढले. भाषण आम्हीच केले.

वर्षभराने त्यांच्या घरी गेलो तेव्हा फोन कपाटात, खोक्यात, जसाच्या तसा. आम्ही विचारले, वापरत का नाही? ते हसून म्हणाले, "तुम्ही मंडळींनी मला आरसा भेट दिलात."

त्या वाक्यानंतर वहिनींनी दिलेला चहा आम्हांला गोड लागला नाही. तीस वर्षे कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्याचा धंदा केला. पण या माणसाला भेट देताना, तुम्हांला काय चालेल, एवढे एक वाक्य विचारायचे आम्हांला सुचले नव्हते. आणि दुसरी लाजेची गोष्ट ही की तो फोन मुका नव्हता. त्याला बोलता येत होते. ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

ते ठाऊक होते एका अंध विद्यार्थ्याला. पुण्यात शिकणारा हा मुलगा सोबत्यांच्या नात्यातला. सुटीत आला, खोके उघडले, फोन चार्ज केला, आणि आवाज कमीजास्त करण्याच्या दोन्ही कळा एकदम तीन सेकंद दाबून धरल्या. बहुतेक अँड्रॉइड फोनांत एवढ्याने टॉकबॅक नावाची सोय जागी होते. फोन बोलू लागला. बोट फिरवावे तसे काचेखाली काय आहे ते तो सांगतो; उजवीकडे बोट सरकवले की पुढची गोष्ट वाचतो; हवी ती सापडली की दोनदा टकटक करायचे. दार ठोठावल्यासारखे. पडदा काळा ठेवला तरी चालते, वर बॅटरीही वाचते. आठ दिवसांत आमचे सोबती फोन लावू लागले. महिन्याभरात त्यांनी आवाजाचा वेग इतका वाढवला की आम्ही शेजारी बसलो तर आम्हांला एक अक्षर कळेना. टिपरी घुमावी तसा आवाज; आणि हे शांतपणे ऐकून म्हणतात, "मंचरला कांदा उतरला."

ही सोय आली कोठून? आम्हांला वाटले अमेरिकेतून. अमेरिकेतून आली हे खरे, पण तिच्या मागच्या माणसांतला एक पुण्याचा आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्यात १९६५ साली झाला. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची उरलीसुरली दृष्टी गेली. ते पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित शिकले, मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्र शिकले, आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी १९९४ साली डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय काय, तर गणिताची सूत्रे कानाला समजतील अशी वाचून दाखवणारी यंत्रणा. तिला त्यांनी नाव दिले अ‍ॅस्टर, आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्रीचे नावही अ‍ॅस्टरच. २००५ साली ते गूगलमध्ये गेले, आणि २००९ मध्ये अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक आला त्या कामात ते पुढे होते. त्याच वर्षी आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावाची अशीच सोय मूळ फोनातच आली. त्यापूर्वी नोकियाच्या काही फोनांवर बोलकी प्रणाली चालत असे. पण फोनचे पैसे वेगळे आणि बोलण्याचे वेगळे. डोळसाला फोन एका किमतीत आणि अंधाला दीडपटीत, असा तो व्यवहार. २००९ नंतर निदान तो दंड गेला. संगणकाच्या बाबतीत मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून एन.व्ही.डी.ए. नावाची बोलकी प्रणाली फुकट देऊन टाकली. आमच्या युनियनवाल्याच्या मनाला ही गोष्ट फार भावते. ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात, ते असे.

आता थोडे मागे जाऊ. आवाज साठवण्याचे यंत्र आणि अंध माणूस यांची सोयरीक पहिल्या दिवसापासूनची आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग लिहून काढले, त्यात अंधांसाठी बोलकी पुस्तके वरच्या क्रमांकावर होती. गाणी ऐकण्याचा धंदा त्या मानाने खाली. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास आणि इंग्लंडात १९३५ साली बोलकी पुस्तके खरोखरच निघाली, ती सावकाश फिरणाऱ्या मोठ्या तबकड्यांवर. सामान्य गिऱ्हाइकाला लाँग प्लेइंग तबकडी बाजारात मिळाली १९४८ साली. म्हणजे या एका बाबतीत अंध माणूस डोळसांच्या चौदा वर्षे पुढे होता! आपल्याकडे १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजे नॅब, स्थापन झाली, आणि पुढे ध्वनिफितींवर बोलकी पुस्तके येथेही तयार होऊ लागली.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. वडिलांचा ट्रान्झिस्टर होता, कातड्याच्या पिशवीतला. म्हातारपणी मोतीबिंदू वाढला आणि शस्त्रक्रियेला ते दोन वर्षे घाबरत राहिले. त्या दोन वर्षांत त्यांना माणसे ओळखू येत नव्हती, पण रेडिओ येत होता. डाव्या चाकाने आवाज, उजव्या चाकाने स्टेशन. चाक शेवटपर्यंत मागे घ्यायचे आणि तेथून अंगठ्याच्या मापाने इतके पुढे, की पुणे आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या लागल्याच. वीज गेलेली असली तरी लागल्या. आमचा टेपरेकॉर्डर तसाच. पाच-सहा जाड कळा, पेटीच्या पट्ट्यांसारख्या. कोणती कळ कशाची हे बोटाला पाठ. कोणी अंधांसाठी म्हणून ते यंत्र केले नव्हते, तरी अंधाला ते चालत होते, कारण बटणाला जागा असते. काल जेथे होते तेथेच ते आज असते. काचेवरच्या बटणाला जागा नसते. ते चित्र आहे. आज येथे, उद्या कंपनीने नवे रूप पाठवले की तेथे.

साध्या बटणाच्या फोनवर ५ च्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो. तुमच्यापैकी कित्येकांनी तो नखाने खरवडून पाहिला असेल, कसला डाग आहे म्हणून. तो डाग नाही. तेथे बोट टेकले की वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. एवढ्याशा ठिपक्यावर अंध माणूस साऱ्या जगाशी बोलत होता. त्या ठिपक्याला काय खर्च येत असेल?

कारखान्यात काम केलेल्यांना आम्ही एक प्रश्न विचारतो. प्रत्येक यंत्रावर तांबडे, छत्रीसारखे, वर उचललेले मोठे बटण असते. ते तसे का? काचेवरचे सुंदर चित्र का नाही? कारण बोट अडकले, साडीचा पदर अडकला, तर माणूस बघत बसणार नाही, हात मारील. जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे कारखानदारालाही ठाऊक आहे की यंत्र हाताला कळले पाहिजे, डोळ्यावर सोडून चालणार नाही. हे शहाणपण नवे नाही. मग तेच कारखानदार घरात जाणाऱ्या वस्तू करताना ते विसरतात कसे? धुलाई यंत्र काचेचे, विजेची शेगडी काचेची, आणि आता गाणी वाजवणारा डबाही काचेचा. बिनतारी स्पीकर फोनला जोडला गेला की नाही हे कळायचे कसे, तर निळा दिवा लुकलुकतो! कानात घालायच्या बोंडांना बटण म्हणून नसतेच. कानाला हात लावावा तर गाणे थांबते, पुन्हा लावावा तर फोन कोणाला तरी लागतो. काही बोंडे 'कनेक्टेड' असे बोलून सांगतात, ती त्यातल्या त्यात बरी. शिवाय दोन्ही कान बुजवून अंध माणसाने रस्त्यावर चालायचे कसे? त्याचे कान हेच त्याचे डोळे. आमचे सोबती एकच बोंड वापरतात, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. हाडातून आवाज पोचवणारी, कान उघडा ठेवणारी यंत्रेही निघाली आहेत, पण त्यांच्या किमती अजून आमच्या माणसाच्या खिशाबाहेर आहेत.

उलट बाजूचे एक चांगले उदाहरण तुमच्या मंचरच्या बाजारातच आहे. भाजीच्या गाळ्यावर ती छोटी पेटी ठेवलेली असते, गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे पाठवले की ओरडते, इतके इतके रुपये मिळाले. ती अंधांसाठी केलेली नाही. भाजीवालीचे हात मेथीत गुंतलेले, डोळे तराजूवर, तिला फोन बघायला सवड नाही, म्हणून केली. पण ती पेटी आली आणि अंध माणसाला पानाची टपरी एकट्याने चालवणे सोपे झाले. नोटेचा प्रश्न राहतो; २०१६ नंतरच्या नोटा आकाराने इतक्या जवळच्या निघाल्या की बोटांना फरक कळेना. नॅबला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने मणी नावाची प्रणाली काढली. फोनपुढे नोट धरली की किंमत बोलून सांगते, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. बाजारात उभे राहून दर नोटेसाठी फोन काढणे किती गैरसोयीचे, हे वेगळे. नोटेच्या आकारातला दोष फोनच्या माथी मारलेला आहे, एवढे आम्ही म्हणू.

आणि रात्री उसाला पाणी द्यायला जाताना जुन्नर-आंबेगावात माणसे फोनवर मोठ्याने गाणी लावतात, ते काय नादासाठी? बिबट्यासाठी. अंधारात डोळा कामाचा नाही, तेथे आवाज पुढे पाठवायचा, हे तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. येथून जवळ खोडदला आणि त्याच्या आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या ज्या लहरी टिपतात त्या जगातल्या कोणत्याही डोळ्याला दिसत नाहीत. मोठमोठे शास्त्रज्ञ त्या लहरींपुढे आमच्या सोबत्यांइतकेच आंधळे आहेत. त्यांना यंत्र मिळाले म्हणून त्यांचे चालते.

आता भाषेचे. हा मुद्दा आमच्या जिव्हाळ्याचा आहे. सोबत्यांचा फोन प्रथम बोलू लागला तो इंग्रजीत. मग मुलाने हिंदी आवाज लावून दिला. लिपी एक, तेव्हा मराठी मजकूरही तो आवाज वाचायचा, पण कसा! त्याला ळ येईना. तुमच्या गावाच्या नावात दोन ळ. तो म्हणे, महालुंगे पडवल. 'चमचा' शब्दातला च त्याला हिंदीतल्या चायसारखा वाटे. आमचे सोबती म्हणत, घरात परगावचा भाडेकरू ठेवल्यासारखे वाटते. माणूस वाईट नाही, पण आपला नाही. मराठी आवाज पुढे मिळाला आणि त्यांच्या घरच्यांनाही तो कळू लागला. बारा कोटींवर वस्ती असलेल्या महाराष्ट्राची भाषा, आणि तिचा आवाज यंत्रात इंग्रजी-हिंदीच्या मागून यावा, यात परक्या कंपन्यांइतकाच आपलाही दोष आहे; आपण मागितला नाही.

दोषाची गोष्ट निघाली तर आमच्या युनियनचाही सांगितला पाहिजे. आमची पत्रके जुन्या टंकात छापली जात. कागदावर सुरेख मराठी. पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी. बोलक्या प्रणालीने ती वाचली तर गारुड्याचा मंत्र ऐकू येतो. पुढे आम्ही सुधारलो, म्हणजे काय केले, तर पत्रकाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू लागलो. फोन म्हणे, 'छायाचित्र'. झाले. बोनसच्या कराराचे पत्रक, पाच पाने, आमच्या सोबत्यांच्या लेखी पाच छायाचित्रे. वर्षभर त्यांनी तक्रार केली नाही. एकदा सभेत उठून इतकेच म्हणाले, "करार चांगला झाला असे ऐकतो." सारी सभा हसली. आम्ही हसलो नाही. तेव्हापासून आमचे प्रत्येक पत्रक युनिकोडमध्ये, मजकूर म्हणून जाते. फोटो जोडला तर खाली दोन ओळींत त्यात काय आहे ते लिहितो. या कामाला एक पैसा जादा लागला नाही. गावच्या ग्रामपंचायतीने, सोसायटीने, शाळेने हे उद्यापासून करता येण्याजोगे आहे.

टेलिफोन आणि अंध माणूस यांचे दुसरेही एक नाते होते, ते पोटापाण्याचे. बँकांत, कचेऱ्यांत टेलिफोनचे खांबे जोडून देणारा ऑपरेटर पुष्कळदा अंध असे. आवाजावरून माणूस ओळखणारा, शेकडो नंबर तोंडपाठ असलेला. संस्थांनी त्यासाठी शिक्षणवर्ग चालवले. पुढे यंत्रच नंबर जोडू लागले आणि ती खुर्ची गेली. तिच्या जागी संगणकावरची कामे आली, ती बोलक्या प्रणालीने अंधालाही करता येतात. पण प्रणाली चालेल असे संगणकाचे काम मुळात बांधले असेल तर. नाही बांधले तर प्रत्येक बटणावर ती एवढेच म्हणते, 'बटण'. 'बटण'. 'बटण'. कशाचे, ते लिहायला लिहिणारा विसरला. नाव नसलेल्या दारांच्या चाळीत पाहुण्याला सोडून द्यावे तसे.

आता त्या पापण्या. पेन्शनवाल्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी कचेरीत जाऊन अंगठा उठवावा लागे. आता घरबसल्या फोनपुढे चेहरा धरून होतो, आणि म्हाताऱ्या माणसांची त्याने सोय झाली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. २०२३ साली आमच्या सोबत्यांनी मुलाकरवी फोन समोर धरला. फोनने आज्ञा केली, पापण्या मिटा आणि उघडा. जिवंत माणूस आहे, फोटो नाही, याची खात्री म्हणून. ते कोठून पापण्या मिटणार? पुन्हा आज्ञा. पुन्हा. शेवटी फोनने नकार दिला. कचेरीत गेलो, तेथील माणूस सभ्य होता, पण म्हणाला, "साहेब, यंत्र घेत नाही त्याला मी काय करू?" तीन खेपा झाल्या. दोन महिने पेन्शन थांबली. माणूस समोर उभा, बोलतो आहे, घाम पुसतो आहे, आणि कागदोपत्री तो हयात नाही. आम्ही आयुष्यात पुष्कळ व्यवस्थापनांशी भांडलो. पण भांडायला समोर माणूस होता. येथे समोर काच.

हा एकट्याचा प्रश्न नव्हता हे आम्हांला पुढे कळले. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना आणि चेहऱ्याला गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे होत्या. बँकेत खाते उघडायचे तर ओळख पटवण्यासाठी डोळे मिचकावा, हीच अट. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला: अशा डिजिटल सोयी सर्वांना वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पापण्या मिचकावण्याखेरीज जिवंतपणा पटवण्याचा दुसरा मार्ग ठेवा, अशा वीस सूचना. तो निकाल वाचून दाखवला तेव्हा आमचे सोबती बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी जिवंत आहे असे दिल्लीला कळले."

कायद्याचा कागद आपल्याजवळ आहे, तो माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्याचे ४२ वे कलम म्हणते, रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा घडणीची उपलब्ध व्हावीत याची तजवीज सरकारने करावी. ४३ वे म्हणते, सामान्य वापराच्या ग्राहकवस्तूही तशा तयार व्हाव्यात यासाठी सरकारने उपाय योजावेत. २०२१ आणि २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आय.एस. १७८०२ हे मानक दोन भागांत काढले. फोन, संगणक, प्रणाली कशा असाव्यात ते त्यात लिहिले आहे. मग अडले कोठे? ज्याने स्थायी आदेश वाचले आहेत त्या कामगाराला लगेच कळेल. अडले 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांच्या मध्ये. कायद्याखालचे नियम २०१७ साली झाले, त्यांतील १५ व्या नियमात मार्गदर्शक तत्त्वांचे गाठोडे बांधून ठेवले होते, मोडले तर काय, याचा पत्ता नाही. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली लावलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले की असा नुसता शिफारशीवजा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि बंधनकारक नियम करा. एकोणीस वर्षे. तारखांवर तारखा घेणाऱ्या आमच्या कामगार न्यायालयातल्या लोकांनाही धीर यावा असा तो माणूस!

निकाल लागला म्हणजे वस्तू बदलली असे होत नाही, हे आम्ही किमान वेतनाच्या कायद्यात पुरते पाहिले आहे. कायदा आणि कारखाना यांच्या मध्ये कोणीतरी जाऊन उभे राहावे लागते. येथे गिऱ्हाईक आहे. दुकानात जाऊन टी.व्ही. घेताना, त्याचा मेनू बोलतो का, हे आजपर्यंत तुमच्यापैकी कोणी विचारले आहे? आम्ही मंचरच्या एका दुकानात विचारले. दुकानदार बिचारा दचकला. म्हणाला, असे पहिल्यांदाच कोणी विचारले. महिन्याला दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापारी कंपनीला. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेली ५० लाखांहून अधिक माणसे नोंदली गेली, महाराष्ट्रात साडेपाच लाखांहून अधिक. त्यांच्या घरची माणसे धरा. मोतीबिंदू झालेली, चष्मा हरवलेली, उन्हात पडदा न दिसणारी, हाताला ग्रीस लागलेली माणसे धरा.

आपल्या मराठीत म्हणी फार. आंधळ्याच्या गाई देव राखतो. आम्ही म्हणतो, गाई त्याच्या आहेत, त्याला राखू द्या. कुंपण धड घाला म्हणजे झाले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण मात्र खरी आहे. फक्त कुत्र्याचे नाव म्हणीत नाही, म्हणून दोष दळणाऱ्यावर जातो. आणि आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! आमच्या सोबत्यांना आम्ही ही म्हण ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "डोळा कोणी मागितला? मी बटणाला नाव मागतो आहे."

वाचनाची भूक असलेल्यांसाठी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. स्वागत थोरात यांनी २००८ पासून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक काढले. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्याला तेथे सभासद होऊन पुस्तके उतरवून घेता येतात आणि फोनवर ऐकता येतात. अशी प्रत काढणे चोरी ठरू नये म्हणून आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि याच कामासाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश २०१४ साली आपला होता. आमच्या सोबत्यांनी कारखान्यात असताना वर्तमानपत्राखेरीज काही वाचले नव्हते. आता ते आम्हांला विचारतात, अमुक कादंबरी वाचली का. आम्ही खोटे बोलतो.

वेळ झाली, अध्यक्षमहाशय घड्याळाकडे पाहत आहेत. एक सूचना आहे. आमचे सोबती आज आमच्याबरोबर आले आहेत, ते तिसऱ्या रांगेत कडेला बसले आहेत. व्याख्यानानंतर ते शाळेच्या ओट्यावर थांबतील. ज्यांच्या घरी नजर गेलेले किंवा अधू झालेले कोणी असेल त्यांनी त्या माणसाचा फोन घेऊन यावे, आणि शक्य तर त्या माणसालाही आणावे; फोन चार्ज केलेला असावा. मराठी आवाज उतरवून घ्यायला थोडे इंटरनेट लागते. शेवटची गाडी साडेनऊची आहे, तोवर ते बसतील. आणि शिकवताना ते तुमच्या हातातून फोन काढून घेणार नाहीत, तुमचेच बोट फिरवायला लावतील, तेव्हा घाई करू नये.